चारशे बारा काळे चौकोन

"मामा, ते काम पाच मिनिटांचं आहे. फायली पाठव, मी करून देते," असं माझी भाची फोनवर बोलली नसती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. माणसाला चिडवणारी वाक्यं जगात पुष्कळ आहेत. पण ज्या कामापाशी आपण दोन रविवार डोकं धरून बसलोय, ते पाच मिनिटांचं आहे असं चोवीस वर्षांच्या पोरीने ऐकवणं, याला तोड नाही. मी म्हटलं, "बाई गं, तू पाळण्यात होतीस तेव्हा मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलाय. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे." तर म्हणते कशी, "कागदावर आहे की ताम्रपटावर?" मोठ्यांचा मान ठेवायची आमच्या घरात पद्धत आहे. ती बहिणीबरोबर तिच्या सासरी गेली नाही, एवढंच.

काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही तिचीच बाजू घ्याल.

एका सकाळी आईने भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी पेपर वाचत होतो. मला वाटलं, काच पुसायची असेल.

"हे ते नाहीत," आई म्हणाली.

"अगं आई, बाबाच आहेत. ऑफिसच्या ओळखपत्रावरून आपणच नाही का मोठा करून घेतला?"

"चेहरा त्यांचा आहे. पण हे ते नाहीत."

खोटं कशाला बोलू, तिचं म्हणणं बरोबर होतं. बाबा एकतीस वर्षं वजनमापं तपासणारे निरीक्षक होते आणि त्या फोटोत ते स्वतःच खोट्या वजनासह पकडले गेल्यासारखे दिसत होते.

"सहा वर्षं रोज उठून ह्या फोटोकडे बघतेय," आई पुढे म्हणाली. "बघून बघून खरे ते पुसून चाललेत. काल बसल्या बसल्या आठवून बघितलं, हसताना कसे दिसायचे. नाही आठवलं रे. कान हलायचे, तेवढं आठवलं. तोंड नाही आठवलं." तिने आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं. "मला त्यांचा त्यांच्यासारखा एक फोटो शोधून दे."

माझ्या आईने उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. 'पाय पुसून आत ये' हे मागणं धरलं नाही तर.

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरे फोटो नव्हते? लग्नातला होता. पण आईचं म्हणणं, "त्या फोटोतल्या माणसाला मी ओळखतच नव्हते. दोनदा भेटलो होतो फक्त." आणि त्यानंतरच्या फोटोंचं काय, तर बाबांचा फोटोवर विश्वास नव्हता. "फोटो म्हणजे एका क्षणाची साक्ष. उलटतपासणीत टिकत नाही," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि अठरा वर्षं मिळेल त्याचं शूटिंग केलं. दोन पेट्या भरून कॅसेटी. त्या मी मागच्याच वर्षी एका दुकानदाराकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या होत्या. त्याच्या यंत्राची रीत अशी, की बाबांनी जिथे जिथे कॅमेरा बंद केला, तिथे तिथे एक फाईल संपते आणि नवी सुरू होते. अशा चारशे बारा फायली झाल्या. कॅसेटींवर बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलेली लेबलं मात्र त्या भल्या माणसाने 'यंत्रात अडकतात' म्हणून सोलून टाकली होती.

तर माझ्यापुढे एक ते चारशे बारा नुसते आकडे, आणि प्रत्येक आकड्यावर फिल्मच्या तुकड्याचं तेच ते चिन्ह. सगळ्या मिळून एकशे नव्वद तासांचं शूटिंग. त्यात बाबांचा चेहरा शोधायचा. मी एकशे नव्वद तास बघत बसलो असतो, तर आईला फोटो मिळायच्या आत मलाच फ्रेममध्ये लावायची वेळ आली असती. उपाय एकच. प्रत्येक व्हिडिओतून एक चित्र उचलायचं आणि फाईलच्या कपाळावर चिकटवायचं, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून कळतं. ह्याला थंबनेल म्हणतात. एकेक करत बसलं तर महिना जातो, पण चार ओळींचा कोड लिहिला की कॉम्प्युटर आपसूक सगळ्यांची चित्रं काढतो. हेच ते पाच मिनिटांचं काम.

मी कोड लिहिला. लिहिला म्हणजे इंटरनेटवरून उतरवला, पण आम्ही ऑफिसातही मागच्या वर्षीचं पत्र समोर ठेवूनच नवीन लिहितो आणि त्याला लिहिणंच म्हणतो. अकरा ओळींचा होता. 'प्रत्येक फाईलमधलं दुसऱ्या सेकंदाचं चित्र काढ' एवढाच त्याचा अर्थ. तीनदा लाल अक्षरांत शिव्या खाल्ल्या, चौथ्यांदा एक स्वल्पविराम घातला आणि काय सांगू, गाडी सुरू झाली! मी आईला आणि बायकोला हाक मारली. चहा ठेवायला सांगितला. एकेक चित्र पडद्यावर येऊ लागलं.

पहिलं काळं. दुसरं काळं. तिसरं काळं.

चारशे बारा काळे चौकोन ओळीने मांडून झाल्यावर बायको म्हणाली, "छान आलंय. चहा इथे आणू की अंधारात सांडेल?"

नेमके तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरचे ऑडिटरसाहेब आले. हे गृहस्थ निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण शंका काढायचं काम त्यांनी सोडलेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, काळे चौकोन वरून खाली तपासले आणि निकाल दिला, "बुरशी. कॅसेटींना बुरशी लागली की असंच होतं. माझ्या साडूच्या लग्नाची कॅसेट अशीच गेली. आता काही उपयोग नाही. दुकानदाराला धरा."

आईचा चेहरा उतरला. मला ते बघवेना. मी तसाच पेन ड्राइव्ह खिशात टाकून, पायांत चपला सरकवून दुकानात गेलो आणि तिथल्या चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला बोल बोल बोललो. बुरशी, बेजबाबदारपणा, माणसाच्या भावनांशी खेळ, सगळं काढलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, एखादी फाईल उघडून बघितलीत का?"

फाईल उघडून बघायची असते, हे आमच्या प्रमाणपत्रात कुठे नव्हतं.

त्याने माझ्या पेन ड्राइव्हवरची एक फाईल लावली. पडदा काळाच. पण दुकानात बाबांचा आवाज घुमला. "आज दिनांक चौदा. वेळ सकाळचे दहा वाजून बारा मिनिटे. स्थळ, राहते घर, पुढील खोली. हवा कोरडी. उपस्थित, मी स्वतः, पत्नी, कन्या. चिरंजीव उपस्थित, परंतु लक्ष नाही. आता टोपण काढीत आहे." आणि टक्‌ असा आवाज होऊन पडद्यावर उजेड पडला.

आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. पंचनामा आधी, मग तपासणी, ही बाबांची एकतीस वर्षांची सवय. सगळी नोंद तोंडी झाल्याशिवाय ते कॅमेऱ्याच्या काचेवरचं टोपण काढायचेच नाहीत. चारशे बारा वेळा नोंद, चारशे बारा वेळा टोपण.

भांडायला गेलेला मी, त्या दुकानात चार्जर घ्यायला आलेल्या माणसाशेजारी उभा राहून रडलो. सहा वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता आणि तोही माझं लक्ष नाही हेच सांगत होता. दुकानदाराने मुकाट्याने स्टूल पुढे केलं. पुढे महिनाभर मी त्या रस्त्याने गेलो नाही.

घरी येऊन आईला आवाज ऐकवला. तिने ऐकला, मान हलवली आणि म्हणाली, "आवाज आहे माझ्याकडे. आवाज कुठे गेलाय? अजून रोज 'दाराला कडी घातलीस का' म्हणून विचारतात. मला चेहरा हवाय."

मग काय, पुन्हा बैठक मारली. नोंद लांबात लांब म्हणजे पन्नास सेकंद चालायची, म्हणून मी दुसऱ्या सेकंदाऐवजी एक मिनिटानंतरचं चित्र काढायचं ठरवलं. तसा कोड बदलला. पण बदलताना कुठलीशी ओळ चार रकाने डावीकडे सरकली, आणि 'एक मिनिटानंतरचं चित्र काढ' ह्याऐवजी 'एक मिनिटानंतरची सगळी चित्रं काढ' असा हुकूम गेला. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्ञान असं भलत्या वेळी मिळतं.

पहिली फाईल नळाची होती. जुन्या घराचा नळ गळायचा. बाबांनी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार केली, पुरावा मागितला गेला, म्हणून त्यांनी त्या नळासमोर स्टूल टाकून एकोणतीस मिनिटं शूटिंग केलं होतं. पहिलं मिनिट गेलं, उरली अठ्ठावीस. म्हणजे बेचाळीस हजार चित्रं, सगळी एकाच नळाची. काहींत थेंब लोंबतोय, काहींत पडलाय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सभांची इतिवृत्तं माझ्या कॉम्प्युटरवर ज्या फोल्डरमध्ये असतात, त्यात काही नवीन ठेवलं की चोवीसही घरांच्या फोनवर आपोआप पोचतं. ती सोय मीच मोठ्या हौसेने करून घेतली होती आणि तिच्यासाठी वार्षिक सभेत टाळ्याही घेतल्या होत्या. ह्या खेपेला थंबनेलं, माझ्याच चुकीने, त्याच फोल्डरमध्ये पडत होती.

बायको आतून म्हणाली, "अहो, माझा फोन का थरथरतोय?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, कुठला नळ गळतोय?" दारावरची घंटा वाजली. तळमजल्याच्या बाईंनी पाणी जपून वापरायला हवं म्हणून सगळी पिंपं भरून घेतली होती. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी प्लंबर बोलावला होता. तो पाना घेऊन जिन्यात उभा राहून फोनमधल्या चित्राशी प्रत्येक घरातला नळ ताडून बघत होता. मी कॉम्प्युटरची वायर उपटली. ते एवढं तरी बरोबर केलं.

ऑडिटरसाहेबांनी मात्र स्वस्थ बसून बघ्याची भूमिका घेतली नाही. नागरिकाचं कर्तव्य म्हणून त्यांच्या फोनवर आलेली सगळी चित्रं त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागाकडे धाडली. अकराशे चाळीस. आणि आता सांगायला हरकत नाही, त्या तक्रार विभागाचा प्रमुख मी आहे.

सोमवारी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलाभोवती लोक जमलेले. आमची नवी यंत्रणा आलेल्या प्रत्येक चित्राला स्वतंत्र आवक क्रमांक देते. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "एका दिवसात एका नळाच्या अकराशे चाळीस तक्रारी? कुठला भाग आहे हा? वर उत्तर काय द्यायचं?" मी सांगितलं, की साहेब, हा नळ आमच्याच जुन्या घरचा, ते घर पाडून एकोणीस वर्षं झाली, आणि तक्रारदार माझे वडील आहेत, तेही आता नाहीत. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मग म्हणाले, "नियमात तक्रार आपोआप बंद करायची तरतूद नाही. प्रत्येकीवर स्थळपाहणीचा शेरा मारा, खाली सही करा आणि निकालात काढा." बरं, बाबांची मूळ तक्रारही कार्यालयात सापडली. तिच्यावर माझ्या आधीच्या प्रमुखाचा शेरा होता, 'कारवाई चालू'. तर रोज जेवणाच्या सुट्टीनंतर पन्नास-साठ शेरे आणि पन्नास-साठ सह्या, असा माझा दिनक्रम सुरू झाला.

सोसायटीच्या फलकावर 'सेक्रेटरींनी खाजगी नळ सार्वजनिक करू नयेत' अशी सूचना लागली. अक्षर ऑडिटरसाहेबांचं होतं. सूचनेखाली सही सेक्रेटरीची लागते म्हणून ती त्यांनी माझ्याकडूनच घेतली.

ह्या सगळ्यात आईने एकदाही 'झालं का?' विचारलं नाही. ते जास्त लागायचं. भिंतीवर खिळा तसाच मोकळा होता आणि जाता-येता तिची नजर तिकडे जायची.

पुढच्या रविवारी मी सरकलेली ओळ जागेवर आणली, फोल्डर बदलला, देवाचं नाव घेतलं आणि कोड चालवला. ह्या खेपेला रंग आले. चारशे बारा रंगीत चित्रं! एक नळ सोडला, तर सगळ्यांत फरशी होती. टोपण काढलं की बाबा कॅमेरा खाली धरून लोकांना उभं करायला लागायचे. 'तू डावीकडे सरक, तू खांदा आत घे.' त्यामुळे एक मिनिटाच्या ठोक्याला कॅमेरा जमिनीकडे बघायचा.

मला हसावं की रडावं कळेना, पण आई आणि बायको खुर्च्या ओढून पुढे सरकल्या.

"अगंबाई, ही माझी निळी चप्पल!" बायको म्हणाली. "लग्नानंतरची पहिली. हिचा अंगठा तुटला होता आणि आई, तुम्ही सुतळीने बांधून दिला होता."

"सुतळी नव्हे, नाडीचा तुकडा," आई म्हणाली. "आणि ही बघ, जुन्या घराची फरशी. ही तडा गेलेली. ह्याने खलबत्ता पाडला होता." 'ह्याने' म्हणजे मी. "हे आत्याबाईंचे पाय. सुजलेले. किती चालायच्या गं त्या!"

मला माझे शाळेचे बूट दिसले. पुढून उघडलेले, आत मोजा दिसतोय. त्या बुटांची मला तेव्हा इतकी लाज वाटायची, की रांगेत एक पाय दुसऱ्याच्या मागे लपवून उभा राहायचो. आता वाटलं, हात घालून ते उचलून घ्यावेत. दीड तास आम्ही तिघं नुसती पावलं ओळखत बसलो होतो. कोण आलं होतं, कोण रुसलं होतं, कोण पुढच्या वर्षी गेलं, सगळं पावलांवरून निघालं. चहा दोनदा गार झाला.

आणि मग आईने एका चित्राच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे दोन काळ्या बुटांची टोकं होती. "हे ते," ती म्हणाली. "डाव्या बुटाची नाडी बघ. कधी धड बांधली नाही." ती त्या टोकांकडे बघत राहिली आणि मग मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, "सापडतायत रे. बुटांपर्यंत आलो आपण."

मला हुरूप आला. आता प्रत्येक व्हिडिओच्या बरोबर मध्यावरचं चित्र काढायचं. मध्यावर तर लोक उभे राहून झालेले असणार! कोड चालवला आणि खरोखर माणसं आली. नळ वगळता चारशे अकरा चित्रांत सगळं गणगोत. बायको जिथे आहे तिथे तोंड उघडं ठेवून काहीतरी सांगतेय, मी जिथे आहे तिथे दुसरीकडे बघतोय, बहीण रडतेय, आत्या खातेय, आई हाताने 'पुरे आता' म्हणतेय. आईने एकेक चित्र चष्मा वर-खाली करून बघितलं. शेवटचं संपल्यावर म्हणाली, "सगळे आहेत. हे कुठायत?"

आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. तेवढ्यात ऑडिटरसाहेब आले, मागे उभे राहून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अहो, पण शूटिंग करणारा शूटिंगमध्ये कसा सापडेल?"

आईने चष्मा काढून ठेवला.

सांगा, एवढी साधी गोष्ट. महिनाभर मी कोड लिहितोय, सोसायटीत तोंड लपवतोय, ऑफिसात स्वतःच्या बापाच्या नळावर शेरे मारतोय आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आईच्याही नाही, बायकोच्याही नाही. बाबा घरात सगळीकडे होते, म्हणून व्हिडिओतही सगळीकडे असतील असं आम्ही धरूनच चाललो होतो. कॅमेरा त्यांनी कुणाच्या हातात कधी दिलाच नव्हता. 'सरकारी वजन दुसऱ्याच्या हातात देत नाहीत' हे त्याचं कारण. कॅमेरा काही सरकारी नव्हता, पण ते जाऊ दे.

आई उठली. "राहू दे रे," म्हणाली. "तू पुष्कळ केलंस." आतून ओळखपत्रवाला फोटो आणला आणि खिळ्याला लावला. लावताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. तिला आशा लावली नसती तर निदान होतं तेवढं तरी राहिलं असतं.

मी भाचीला फोन केला. मान, प्रमाणपत्र, सगळं गुंडाळून ठेवून म्हटलं, "तूच बघ बाई. मला जमलं नाही." ती ह्या वेळी हसली नाही. म्हणाली, "मामा, कोड तर बरोबर आहे तुझा. कुठल्या सेकंदाला बघायचं एवढंच ठरवायचंय. ते मला कसं कळणार? आजोबांना तू ओळखतोस."

तीन दिवस मी ह्यावर विचार केला. म्हणजे विचार करायचा असं ठरवलं आणि ऑफिसात बसून शेरे मारत राहिलो. गुरुवारी दुपारी, सातशेचाळिसाव्या की कितव्या तक्रारीवर 'स्थळ अस्तित्वात नाही' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि हात तसाच थांबला. अख्ख्या कागदावर मी कुठे नसतो. नळ असतो, तक्रारदार असतो, तारीख असते. लिहिणारा फक्त शेवटी असतो, सहीला. आणि बाबांनी जन्मात एकही पंचनामा सहीशिवाय बंद केला नव्हता.

साहेबांना डोकं दुखतंय सांगून मी घरी आलो. बायको म्हणाली, "आज लवकर?" मी चपलांसकट कॉम्प्युटरपाशी बसलो. आईनेही त्यावर काही म्हटलं नाही, ह्यावरून माझा चेहरा कसा असेल ते बघा. कोडमध्ये एकच आकडा बदलला. आता शेवटून दुसरा सेकंद. मला वाटलं होतं, शेवटची काही नोंद असेल, जास्तीत जास्त टोपण लावणारा हात तरी दिसेल.

पहिल्या चौकोनात बाबा होते.

दुसऱ्यात बाबा होते. तिसऱ्यात अर्धे बाबा, चौथ्यात कान. चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे बारीक केलेले, जिभेचं टोक ओठांत धरलेलं, आणि चेहरा इतका जवळ की नाक मोठं दिसतंय. कॅमेऱ्यात बघायला चष्मा आड येतो म्हणून ते तो कपाळावर सरकवायचे, आणि मग चष्मा नाही म्हणून बंद करायचं बटण दिसायचं नाही. ते शोधायला कॅमेरा सगळ्या बाजूंनी फिरवायचे. अठरा वर्षं, चारशे बारा वेळा, तेच बटण! ओळीमागून ओळ येत होती. केस काळे होते ते करडे झाले, करड्याचे पांढरे झाले, पुढून मागे गेले. चष्म्याच्या तीन फ्रेमा बदलल्या. जीभ तेवढी तशीच.

"आई!" मी ओरडलो. बायको हात पुसत धावत आली. आई भिंतीला धरून आली, उभी राहिली आणि खालीच बसली. मी खुर्ची पुढे केली तर तिने हाताने बाजूला केली.

एका चित्रात ते हसत होते. ती फाईल मी शेवटाच्या जरा आधीपासून लावली. पडद्यावर आधी फिरणारं छत, मग बाबांची हनुवटी, आणि मागून आईचा आवाज, वीस वर्षांपूर्वीचा, करकरीत. "अहो, उजवीकडे. उजवीकडे! तुमच्या उजवीकडे, माझ्या नव्हे! लोकांची वजनं तपासता आणि एक बटण सापडत नाही?" बाबा खुदकन हसले. कान हलले. मग टक्‌ आणि अंधार.

आईने पदर शोधावा तसा हात तोंडावर नेला. "परत लाव," ती म्हणाली. मी परत लावली. "परत." असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ती पडद्यातल्या स्वतःच्या आधीच 'उजवीकडे' म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. बायकोने तिला धरलं. मी दोघींकडे पाठ करून उगाचच वायरी तपासत बसलो.

"हा हसतानाचा मोठा करून आणतो," मी जरा वेळाने म्हटलं.

"नको," आई म्हणाली. "हसणं आठवलं मला आता. ते नाही जायचं." तिने पडद्यावर बोट फिरवत फिरवत एक चित्र निवडलं. चेहरा तिरका, अर्धा बाहेर, जीभ ओठांत, कपाळावर चष्मा. "हा आण. घरात असे असायचे ते."

भाचीला निरोप पाठवला, की काम झालं. तिने विचारलं, किती वेळ लागला. मी सांगितलं, पाच मिनिटं.

फोटो लागला त्याच दिवशी ऑडिटरसाहेब बघायला आले. हात मागे बांधून, मान एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला करून त्यांनी तपासणी केली. मग आईला म्हणाले, "वहिनी, चेहरा पुरता आलेला नाही. शिवाय हलल्यामुळे अंधुक आहे. आणि समोर बघतच नाहीयेत ते."

"कसे बघतील?" आई म्हणाली. "मी अजून सांगितलं नाही ना त्यांना, बटण कुठंय ते."